बंपर म्हणजे पत्रा नव्हे: घरी गाडी पॉलिश करणाऱ्या नवख्यांसाठी

मेव्हण्याच्या लाल गाडीचा मागचा बंपर मी एकदा जाळलाय. आग वगैरे नाही लागली, पण मे महिना, दुपारचे दोन, पार्किंगमध्ये तिरकं ऊन येतंय, हातात नवीन घेतलेलं रोटरी मशीन (पॅड नुसतं गोल गरागरा फिरवणारं पॉलिशचं मशीन), त्याला लोकरीचं पॅड, आणि दोन्ही दरवाजे नुकतेच आरशासारखे झाल्यामुळे अंगात आलेलं. तेच पॅड, तोच स्पीड, तेच कंपाउंड (चरे घासून काढायची खरखरीत पेस्ट) घेऊन मी बंपरच्या कोपऱ्यावर गेलो. एक चरा जाता जात नव्हता म्हणून तिथेच सात-आठ सेकंद धरून बसलो, आणि तापलेल्या दुधावरची साय बोटाने सरकवावी तसा रंग सरकला. आधी सुरकुती पडली, मग सुरकुतीच्या टोकाला खालचं काळं प्लास्टिक दिसायला लागलं. दुसऱ्या दिवशी पेंटरकडे गाडी नेली तर त्याने वाकून बघितलं आणि एवढंच विचारलं, "दादा, पत्रा समजून घासलंत काय?"

होय, पत्रा समजूनच घासलं होतं. वरून रंग एकच दिसतो त्यामुळे खाली काय आहे हे डोक्यातच येत नाही, आणि नवीन मशीन घेतलेले दहातले निम्मे लोक पहिला दणका बंपरवरच खातात असं माझं बघून बघून मत झालंय. म्हणून हे सगळं ओळीने लिहून काढतोय, दरवाजा-बॉनेटवर काय करायचं, बंपरवर काय वेगळं करायचं, आणि कुठे मशीन बंद करून चहा प्यायला जायचं.

आधी हे समजून घ्या की दोन्हीवरचा रंग वेगळा का

कंपनीत गाडीची पत्र्याची बॉडी आधी प्रायमरच्या टाकीत बुडवतात आणि ते प्रायमर साधारण १६० ते १८० डिग्रीला भाजतात. मग वरचा रंग आणि क्लिअरकोट, म्हणजे सगळ्यात वरचा पारदर्शक थर, तेही १४०च्या आसपास भाजलं जातं. बंपर असतो पीपी नावाच्या प्लास्टिकचा, म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, त्यात थोडं रबर मिसळलेलं. हे प्लास्टिक १६०च्या पुढेमागे वितळतं, त्यामुळे बॉडीसोबत त्या भट्टीत घालणं शक्यच नाही. मग बंपर वेगळा रंगवला जातो, बऱ्याचदा वेगळ्या कारखान्यात, आणि ८०-९० डिग्रीला सुकवला जातो. म्हणून तर नव्याकोऱ्या सिल्व्हर गाडीतसुद्धा बंपर आणि फेंडरची (चाकावरच्या भागाची) शेड किंचित वेगळी दिसते. ती पॉलिशने जुळत नाही, कितीही घासा, त्याच्या नादी लागू नका.

दुसरी गोष्ट म्हणजे पीपीला रंग मुळात चिकटतच नाही. घरातल्या प्लास्टिकच्या बादलीला ऑइलपेंट मारून बघा, आठवड्यात नखाने निघेल. बंपरला रंग धरावा म्हणून आधी वेगळं प्लास्टिक प्रायमर मारावं लागतं. हे जिथे नीट झालेलं नसतं (आणि स्वस्तात रिपेंट केलेल्या बंपरवर बऱ्याचदा नसतंच) तिथे रंग पोपड्यासारखा अख्खाच्या अख्खा निघतो.

तिसरी आणि आपल्या कामाची सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे उष्णता. कढई लोखंडाची आणि मूठ प्लास्टिकची का असते? लोखंड उष्णता लांब वाहून नेतं, प्लास्टिक नेत नाही. पॅड फिरताना जी गर्मी तयार होते ती पत्र्यावर चारी बाजूंना पसरते, अख्खा दरवाजा थोडा थोडा कोमट होतो. पोलाद प्लास्टिकपेक्षा शंभरपटीहून जास्त सहज उष्णता वाहतं. बंपरवर ती गर्मी जिथे तयार झाली तिथेच, वरच्या पातळ थरात बसून राहते आणि क्लिअरकोट मऊ पडायला लागतो. प्लास्टिक वितळायची वेळ लांब असते, त्याच्या कितीतरी आधी रंग हातातून गेलेला असतो.

आणि हा थर पातळ म्हणजे किती पातळ? कंपनीचा पूर्ण रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), त्यात क्लिअरकोट ३५ ते ५०. आठवत असेल तर २०१६च्या प्लास्टिकच्या नियमात कॅरीबॅग किमान ५० मायक्रॉनची हवी असं होतं. म्हणजे भाजीवाला देतो त्या पिशवीपेक्षाही पातळ थरावर आपण मशीन फिरवतोय, आणि कंपाउंडच्या एका राउंडला त्यातले दोन-तीन मायक्रॉन जातात.

कुठला भाग कशाचा आहे ते शोधा

फ्रीजवरचं लोहचुंबक घ्या, मऊ फडक्यात गुंडाळा (नाहीतर त्याचाच चरा पडायचा) आणि गाडीभर फिरा. चिकटलं तर पत्रा. नाही चिकटलं तर बोटाने टिचकी मारा, 'टण' वाजलं तर ॲल्युमिनियम असू शकतं, काही गाड्यांचं बॉनेट तसं असतं, आणि 'भद्' वाजलं तर प्लास्टिक. दोन्ही बंपर, आरशाची कव्हरं, मागचा स्पॉयलर, दरवाज्याचे हँडल हे जवळपास नेहमी प्लास्टिक. पेट्रोलचं झाकण कधी पत्रा कधी प्लास्टिक, आणि काही गाड्यांचे पुढचे फेंडरसुद्धा प्लास्टिकचे असतात, म्हणून गृहीत धरू नका. बंपरच्या आतल्या बाजूला मोबाईलचा टॉर्च मारला तर पीपी, ईपीडीएम (म्हणजे त्यात मिसळलेलं रबर) अशी अक्षरं कोरलेली दिसतात, त्यावरून खात्रीच होते.

चुंबकाचा अजून एक उपयोग आहे. पत्र्यावर एखाद्या जागी ते ढिलं चिकटायला लागलं तर तिथे खाली लांबी (पुट्टी) भरलेली आहे, म्हणजे डेंट काढून रंग मारलेला आहे. सेकंडहँड गाडी घेतली असेल तर हे पाच मिनिटांचं काम नक्की करा, पॉलिश करा किंवा नका करू.

रंगाची जाडी मोजायचं छोटं मीटर काही हजारांत मिळतं आणि पत्र्यावर काम करणार असाल तर ते घ्याच. पण साधं मीटर धातूवरच चालतं. बंपरवर टेकवलं तर आकडाच येत नाही. प्लास्टिकवर मोजायला अल्ट्रासोनिक मीटर लागतं आणि ते लाखांच्या घरात जातं, आपल्यासारख्यांचं काम नाही. म्हणजे दरवाज्यावर तुम्हाला माहीत असतं की अजून किती शिल्लक आहे, बंपरवर तुम्ही डोळ्यावर पट्टी बांधून घासताय. त्यात गाडी चार-पाच वर्षांची असेल तर बंपर एकदा तरी रंगवून झालेला असण्याची शक्यता दाट, आपल्याकडे रिक्षा आणि सोसायटीचे खांब कोणालाच सोडत नाहीत.

डाग आहे, चरा आहे, की तडा?

मशीन काढायच्या आधी दहा मिनिटं नुसतं बघत बसा. ओल्या फडक्याने जागा ओली करा. ओलं असताना चरा दिसेनासा झाला तर तो क्लिअरकोटमध्येच आहे, पॉलिशने जाईल किंवा निदान बराच पुसट होईल. ओलं असतानाही दिसतोय आणि नख आडवं फिरवलं की अडकतंय, तर तो खोल आहे, त्याच्या मागे लागून आजूबाजूचा चांगला रंग संपवू नका, टच-अप पेन लावा आणि विसरून जा. पांढरट किंवा काळी रेघ दिसतेय म्हणजे प्रायमर किंवा प्लास्टिक उघडं पडलंय, तिथे मशीनचं कामच नाही.

बंपरवर एक वेगळी गोष्ट दिसते, कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तडे. कोणीतरी मागून ढुशी दिलेली असते, प्लास्टिक आत दबून परत बाहेर येतं, पण वरचा रंग तेवढा लवचिक नसतो म्हणून तडकतो. पत्र्याला पोचा पडला असता तर लगेच कळलं असतं, बंपर मात्र वरवर साळसूद दिसतो. अशा तड्यावर पॅड फिरवलं की तड्याची कड उचलली जाते आणि तिथून पोपडा सुटतो. कोपऱ्याला, कडेला कुठे रंग उचललेला दिसला तरी तेच. प्रेशर वॉशरसुद्धा तिथे जवळून मारू नका, मी एका शेजाऱ्याच्या बंपरवरून तळहाताएवढा रंग पाण्याबरोबर उडून जाताना बघितलाय आणि आम्ही दोघं नुसते एकमेकांकडे बघत राहिलो.

आणि आता आनंदाची बातमी. बंपरवरचे 'चरे' म्हणून लोक जे दाखवतात त्यातले बरेचसे चरे नसतातच, समोरच्याचा रंग आपल्यावर चिकटलेला असतो. पार्किंगच्या खांबाचा पिवळा, भिंतीचा चुना, दुसऱ्या गाडीचा पांढरा. हे काढायला मशीन लागत नाही. जागा शाम्पूने धुवा, मायक्रोफायबरच्या फडक्यावर वाटाण्याएवढं कंपाउंड घ्या, दोन बोटांनी दाबून पुढे-मागे अशा सरळ रेषेत घासा, गोल गोल नको. पंधरा-वीस वेळा घासून फडका उलटून बघा, पिवळा रंग फडक्यावर आलेला दिसेल. फडक्याची स्वच्छ बाजू घ्या, परत. तीन-चार वेळात पिवळा पट्टा जातो आणि खाली दोन-तीन खरे चरे उरतात, बहुतेक वेळा तेवढंच नुकसान झालेलं असतं. थिनर लावायचा मोह आवरा. कंपनीच्या भाजलेल्या क्लिअरवर एखादा हात चालूनही जाईल, पण गल्लीतल्या रिपेंटवर थिनर लागला तर रंगच विरघळून फडक्यावर येतो, आणि तुमचा बंपर कुठला आहे हे तुम्हाला माहीत नसतं.

सामान

रोटरी नको, निदान पहिलं वर्षभर नको. ड्युअल ॲक्शन मशीन घ्या, ज्याला सगळे डीए म्हणतात. ते गोल फिरतं आणि हलतंही, त्यामुळे एका जागी जास्त दाबलं तर फिरायचं थांबतं आणि तुम्हाला वाचवतं. रोटरी थांबत नाही. आणि घरात पडलेल्या चार इंची अँगल ग्राइंडरला बफ पॅड लावून गाडीवर जाणारे लोक आहेत, मी बघितलेत, त्यांच्यासाठी हात जोडून सांगतो, ते मशीन मिनिटाला अकरा हजारांच्या आसपास फिरतं, पॉलिशला हजार-बाराशे पण पुष्कळ होतात. ते लोखंड कापायला ठेवा.

पॅड दोन मापांची हवीत, पाच-साडेपाच इंची बॉनेट-दरवाज्यांसाठी आणि तीन इंची बंपर, आरसे आणि गाडीच्या काचांमधल्या खांबांसाठी. त्यासाठी मशीनला तीन इंची बॅकिंग प्लेट (पॅड जिच्यावर चिकटतं ती चकती) बसते का ते घेतानाच विचारा. नसेल बसत तर साध्या व्हेरिएबल स्पीड ड्रिलला तीन इंची फोम पॅड लावून हळू फिरवलं तरी बंपरचं काम होतं, फक्त ड्रिल रोटरीसारखंच एका जागी फिरतं हे लक्षात ठेवा. फोममध्ये एक कटिंगचं कडक आणि एक फिनिशिंगचं मऊ, दोन्ही मापांत दोन-दोन तरी, कारण पॅड भरलं की बदलावं लागतं. एक कंपाउंड, एक फिनिशिंग पॉलिश (कंपाउंडपेक्षा बारीक, शेवटची चमक आणणारं). ब्रँडवरून भांडणं करणारे खूप आहेत, थ्रीएम घ्या नाहीतर मेंझर्ना घ्या नाहीतर अजून काही, पहिल्या दहा गाड्यांत तुम्हाला फरक कळणार नाही. फडके मात्र भरपूर घ्या, दहा-बारा. जुनी बनियन नको, तिच्या शिवणीचे चरे पडतात.

धुणं आणि झाकणं

हा सगळ्यात कंटाळवाणा भाग आणि इथेच निम्मं काम होतं. शाम्पूने दोन बादल्यांची पद्धत, एकीत शाम्पू, एकीत फडका खळबळायला साधं पाणी. मागच्या बंपरचा खालचा भाग आणि चाकामागची जागा डांबराच्या ठिपक्यांनी भरलेली असते, ते टार रिमूव्हरने काढा. घासलेटचा बोळा चालतो, आमच्याकडे वर्षानुवर्षं तेच चालू होतं, पण लगेच शाम्पूने धुऊन टाका आणि काळ्या बिनरंगाच्या प्लास्टिकला लावू नका. मग क्ले बार, म्हणजे रंगात रुतलेली घाण ओढून काढणारी मऊ मातीसारखी वडी, शाम्पूच्या पाण्यात भिजवून हलक्या हाताने, हाताला काचेसारखं गुळगुळीत लागेपर्यंत. बोअरचं पाणी असेल तर उन्हात अंगावर सुकू देऊ नका, क्षाराचे पांढरे गोल राहतात आणि मग तेच पॉलिशने काढत बसावं लागतं.

मास्किंग टेप लावताना पत्र्यावर फार विचार नाही, रबर बीडिंग आणि कडा झाकल्या की झालं. बंपरवर मात्र वेळ द्या. खालची काळी बिनरंगाची पट्टी पूर्ण झाका, कंपाउंड त्या दाणेदार प्लास्टिकच्या खाचांत बसलं की पांढरं दिसतं आणि टूथब्रशने काढताना जीव जातो. पार्किंग सेन्सरचे गोल, फॉगलॅम्प, नंबरप्लेट (काढताच आली तर उत्तम), रिफ्लेक्टर, हेडलाइटची कड. आणि बंपरवर जिथे जिथे धार आहे, म्हणजे डिझाइनची घडी, चाकाजवळची कड, तिथे टेप लावाच. धारेवर रंग आधीच पातळ असतो आणि पॅडचा सगळा दाब तिथेच येतो. मी बंपरवर कडेपासून अर्धा सेंटीमीटर सोडून देतो, कोणालाही दिसत नाही.

पहिला हात दरवाज्यावर

मशीनची ओळख पत्र्यावर करा. दरवाज्याचा मधला सपाट भाग, दीड फूट बाय दीड फूट, टेपने चौकोन आखून घ्या. मीटर असेल तर त्यात नऊ जागी मोजा. ९० ते १५० मायक्रॉनमध्ये असेल तर ठीक, ८०च्या खाली असेल तर कंपाउंड नको, नुसतं फिनिशिंग पॉलिश, आणि ३००च्या वर गेला तर तिथे रिपेंट आहे. जास्त जाडी बघून खूश होऊ नका, ती लांबीची आणि प्रायमरची असते, वरचा क्लिअर किती ते त्यातून कळत नाही.

मऊ पॅडने आणि फिनिशिंग पॉलिशने सुरुवात करा. त्यानेच काम झालं तर कंपाउंड उघडायचंच नाही, हा नियम पहिल्या दिवशी पाळायला फार जड जातो कारण आपल्याला जोर लावायचा असतो. पॅडवर वाटाण्याएवढे चार थेंब, मशीन बंद असताना चौकोनात चार ठिकाणी टेकवा, एक नंबर स्पीडवर पसरवा, मग चार-पाचवर जा. मशीनचं वजन आणि वर हाताचा थोडासा भार, बस. सेकंदाला इंचभर सरकायचं, प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढवायचा, आडवे झाले की उभे. असे चार ते सहा फेरे. वायर खांद्यावरून मागे टाका, नाहीतर ती गाडीवर घासत राहते आणि तुम्ही पुढे चकाचक करताय तोवर मागे नवीन चरे तयार होत असतात.

पुसा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल पाण्यात निम्मं करून फवारा आणि परत पुसा. हे गरजेचं आहे, कारण पॉलिशमधलं तेल चऱ्यांत भरून बसतं आणि तुम्हाला वाटतं गेले, पहिल्या धुण्यात सगळे परत हजर. मोबाईलचा टॉर्च तिरका धरून बघा. गोल गोल कोळ्याची जाळी दिसायची ती गेली असेल तर हीच रेसिपी बाकीच्या पत्र्याला. नसेल गेली तर कंपाउंड आणि कडक पॅड, आणि नंतर परत फिनिशिंग.

पॅडकडे बघत राहा. क्लिअरकोट असलेल्या गाडीवर पॅडला गाडीचा रंग लागता कामा नये, लागला म्हणजे क्लिअर संपून खालच्या रंगाला पोचलात, तिथेच थांबा. अपवाद जुन्या गाड्यांचा, ज्यांना वर क्लिअर नसतोच, त्यांच्या पॅडला पहिल्या फेरीपासून रंग येतो. म्हणून आधी पांढऱ्या फडक्यावर थोडं पॉलिश घेऊन लपलेल्या जागी हाताने घासून बघायचं.

आता बंपर

दरवाज्याला जी रेसिपी लागू पडली तीच इथे लागू पडेल असं नाही. बंपरचा रंग वेगळ्या तापमानाला सुकलेला, कधी मऊ कधी चिवट, आणि रिपेंट असेल तर अजूनच वेगळा. म्हणून बंपरवर वेगळा टेस्ट स्पॉट करा, तळहाताएवढा, खालच्या बाजूला.

गाडी सावलीत हवी आणि बंपर हाताला थंड. उन्हातून आलेली असेल तर अर्धा-पाऊण तास थांबा. तीन इंची पॅड, स्पीड दरवाज्यापेक्षा एक-दीड नंबर खाली, म्हणजे तीन-साडेतीन. एका वेळी वहीच्या पानाएवढीच जागा घ्या. दोन फेरे झाले की मशीन उचला आणि हाताचा पंजा उलटा करून, म्हणजे बोटांची मागची बाजू, जागेवर ठेवा. कोमट लागलं तर चालेल. 'अरे गरम आहे' असं मनात आलं की तिथून निघायचं, बंपरच्या दुसऱ्या टोकाला जायचं, आणि पाच-सात मिनिटांनी परत यायचं. पत्र्यावर सहा फेरे सलग होतात, इथे दोन-दोनच्या हप्त्यात होतात. वेळ जातो. जाऊ द्या.

दाबाचं पण वेगळं आहे. दरवाज्यावर दाबलं तर पत्रा थोडा तरी विरोध करतो, बंपरचा मधला भाग आतून पोकळ असतो आणि दाबला की आत जातो. तो आत गेला की पॅड सपाट बसत नाही, कडेकडेने घासायला लागतं. कोपऱ्याला उलट, तिथे घट्ट असतं आणि गोलाईमुळे पॅडचा जेमतेम रुपयाएवढा भाग टेकतो, सगळी गर्मी त्या रुपयावर. माझा लाल बंपर तिथेच गेला. म्हणून मधे हलक्या हाताने, आणि कोपऱ्यावर त्याहून हलक्या हाताने, मशीन सतत सरकत ठेवून, एक सेकंदही न थांबता. अगदी टोकाच्या घड्या, ग्रिलच्या आजूबाजूची बोटाएवढी जागा, फॉगलॅम्पच्या खाचा, हे सगळं हाताने, फोमच्या छोट्या ॲप्लिकेटरने. मशीन घुसवायचा प्रयत्न करू नका.

रोटरी ज्यांच्याकडे आहे आणि जे ऐकणार नाहीत त्यांच्यासाठी: बंपरवर लोकर नको, फोमच, आणि स्पीड मिनिटाला सहाशे ते नऊशे फेऱ्यांच्या वर नको.

घासून घासून प्लास्टिकमध्ये स्टॅटिक तयार होतं आणि ते आजूबाजूची सगळी धूळ ओढून घेतं. दरवाजा पुसला की स्वच्छ राहतो, बंपर पुसला की दोन मिनिटांत त्यावर बारीक धूळ बसलेली असते, आणि त्याच धुळीवर पॅड टेकवलं की नवीन चरे. म्हणून बंपरवर कोरडा फडका फिरवत बसू नका, दर वेळी किंचित ओलसर मायक्रोफायबर आणि पॅड ब्रशने साफ करून मगच पुढची जागा.

आणि निकाल कधी घ्यायचा? बॉनेटवर मी नव्वद टक्के चरे गेल्याशिवाय सोडत नाही, कारण तिथे सूर्य थेट पडतो आणि मीटरवर मला शिल्लक दिसते. बंपरवर साठ-सत्तर टक्के गेले की मी थांबतो. बंपर गुडघ्याच्या उंचीला असतो, कोणी वाकून बघत नाही, आणि पुढच्या महिन्यात कोणीतरी त्यावर बाईकचं हँडल टेकवणारच आहे.

पॉलिश पेपरने, म्हणजे दोन हजार-तीन हजार नंबरच्या पाणीपेपरने घासणं, हे व्हिडिओत फार सोपं दिसतं. पत्र्यावर मीटर असेल, जाडी भरपूर असेल, आणि दहा-बारा गाड्या हाताखालून गेल्या असतील तर करा. बंपरवर नवख्याने करू नये, पूर्णविराम. पेपरच्या रेघा काढायला नंतर भरपूर कंपाउंड लागतं, म्हणजे भरपूर गर्मी, म्हणजे परत दुधाची साय.

बंपर नुकताच रंगवून आणला असेल तर तो कोणत्या दिवसापासून पॉलिश करायचा हे पेंटरलाच विचारा, भट्टीत सुकवलाय की उन्हात यावर ते ठरतं. वॅक्स किंवा कोटिंग मात्र महिनाभर थांबूनच, रंगातला उरलेला सॉल्व्हंट बाहेर जायला वाट हवी.

शेवटचा हात

टेप काढा, पट्टीच्या कडेला कंपाउंडची रेघ राहिलेली असते ती ओल्या फडक्याने लगेच पुसा, वाळली की चिवट होते. सगळीकडे एकदा अल्कोहोलचं पाणी, मग वॅक्स किंवा सीलंट (वॅक्ससारखाच रंगावर बसणारा संरक्षक थर), पत्र्याला आणि बंपरला तेच चालतं, इथे भेदभाव नाही. अगदी पातळ थर, जाड लावला तर काढताना घाम निघतो. पॅड त्याच दिवशी भांड्याच्या साबणाने कोमट पाण्यात धुवा आणि सावलीत वाळवा, नाहीतर दुसऱ्या दिवशी ती पापडासारखी कडक झालेली असतात.

आणि कुठे काही बिघडलंय का ते रात्री ट्यूबलाइटखाली ठरवू नका. सकाळी आठ-नऊच्या उन्हात गाडी बाहेर काढा आणि बंपरसमोर उकिडवं बसून बघा, कोपऱ्याच्या गोलाईवर एखादा निस्तेज, धुरकट ठिपका दिसतोय का. दिसला तर क्लिअर तिथे अगदी पातळ झालाय, त्या जागी पुन्हा मशीन न्यायचं नाही, फक्त वॅक्स. मेव्हण्याचा बंपर नवीन रंगवून आल्यावर मी तो दर दिवाळीला पॉलिश करून देतो, फुकट, हाताने. मशीन त्याच्या गाडीजवळ आणलेलं त्याला अजून चालत नाही.